जुडीतल्या चार काड्या

दिवाळीच्या सुट्टीत लेक अमरावतीहून आली ती कॉलेजचा कॅमेरा गळ्यात अडकवून. घरच्या माणसांचे फोटो काढायचे, पण कोणी नटायचं नाही आणि कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही, असं तिला सरांनी सांगितलेलं. मी ठेवणीतली साडी नेसून आले तर म्हणते, "आई, रोजचीच नेस."

"रोजचे फोटो कायले पाह्यजे कोनाले?"

"मले पाह्यजे."

चार दिवस ती मांजरासारखी पायात पायात होती. मी वाफ्यात मेथी उपटताना, चुलीशी, फाट्यावर जीपवाल्याशी भांडताना. पाचव्या दिवशी दुपारी तिनं लॅपटॉप उघडला. फोटो कॉलेजच्या भिंतीवर लागणार होते. पण घरातल्या एकानंही नाही म्हटलं तर लावता येणार नव्हते. ती संध्याकाळच्या गाडीनं निघणार होती.

माझे फोटो पाहून मी खूश झाले. रिसोडच्या बाजारात माझ्याशी भाव करायला माणसं कचरतात, ते का, ते तोंडावर दिसत होतं. बोअरचं हे दोन एकर मी त्याच तोंडाच्या जोरावर घेतलं. वाटणीत विहिरीचं रान दीर घेऊन गेला, तेव्हा आमचे हे मान खाली घालून बसले होते. ते मी विसरलेली नाही आणि त्यांनाही विसरू देत नाही.

मग एक फोटो आला, एका सकाळी मी एकटीच जीप अडवायला फाट्यावर गेल्यानंतरचा. हे अंगणात बसलेत, पुढ्यात मी बांधलेल्या मेथीच्या जुड्या. एक जुडी सोडलेली. पुढच्या फोटोत तीच पुन्हा बांधलेली, जाड.

मी जुडी बारीकच बांधते, धंदा आहे. बाजारात ती भरलेली दिसायची, तर मला वाटायचं पाणी शिंपडल्यानं फुगते.

"कवापासून चालू हाये हे?" मी ओरडले.

हे ओसरीवर लसूण सोलत होते. "तू बाजारात बसाले लागली तवापासून."

"काहून?"

"तू बायकाईसंग भांडतं. मंग त्या परत कायले येतीन? म्हनून चार काड्या जास्त टाकतो."

"आन् मले सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तं तू मोजून काढल्या असत्या."

लेक खळखळून हसली. मी फोटो मोठा करायला लावला. बोटं हिरवी झालेली. एकेक काडी मुळाकडून सारखी करून आत सरकवत होते. मी बाजारात जायची तेव्हा लहानग्या लेकीची वेणी हेच घालायचे, तेव्हाही असंच मन लावून. विहिरीचा राग त्यानं गेला नाही. पण इतकी वर्षं गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे पाहून येतं, असं मी समजत होते.

"लावू का हा?" लेकीनं मला विचारलं.

"किती लावनार हायेस?"

"सहा. त्यातले चार तुहे."

"माहे दोन काढ. याह्यचा हा एकच लाव, पन मोठा. मधोमध."

"अवं आई, जागा सरांनी ठरवली हाये."

"सराले फोन लाव आन् मले दे."

"जाऊ दे ना," हे ओसरीवरून म्हणाले.

"तुमी चूप बसा," मी म्हटलं, "तुमच्यासाठीच भांडून राह्यली."