बैलापुढे वाचलेला धडा

आमच्या चौथीच्या गुरुजींइतका वेडा मास्तर उभ्या नागपुरात झाला नाही. झाला असेल तर माझ्यासमोर आणून उभा करा! पुस्तकात ज्या प्राण्याचा धडा, तो त्या प्राण्यापुढे उभे राहूनच वाचायचा, असा त्यांचा नियम. ‘ज्याची गोष्ट त्याले नको सांगाले? पाठीमागं बोलणं म्हणजे चहाडी!’ असे वर ऐकवत. प्राण्याने कान टवकारले तर पास, तोंड फिरवले तर नापास. एका शेळीने तर पुस्तकाचे पानच खाल्ले, त्या पोराला दहापैकी दहा! वाघासाठी अख्खा वर्ग महाराजबागेतल्या पिंजऱ्यापुढे नेला. मेला वाघ झोपलेलाच, सगळा वर्ग नापास. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

मग बैलाचा धडा आला आणि वाचायची पाळी माझी. इतवारीच्या बाजारात बैलांना काय तोटा! पण गुरुजी वर्ग घेऊन थांबले ते नेमके माझ्या बाबांच्या बैलबंडीपुढे. बाबा धान्याची पोती वाहत. त्यांच्या हातातल्या बैल हाकायच्या पराणीच्या टोकाला खिळा, आणि आमच्या चांद्या बैलाच्या पुठ्ठ्यावर त्याच खिळ्याच्या ताज्या जखमा. घरात आधीच ‘पोरीले शिकवून काय करायचं?’ चालू होते. चारचौघांत बाबांचा पाणउतारा झाला, तर माझी शाळा त्याच दिवशी बंद होणार होती.

‘वाच बेटा,’ गुरुजी म्हणाले.

‘बैल मुका आहे. तो दमतो, पण सांगत नाही. त्याला...’ पुढचे शब्द दिसत होते, तोंडातून निघेनात.

‘काहून थांबली वं?’ बाबांनी विचारले. त्यांना अक्षर येत नव्हते. लेकीला वाचताना पहिल्यांदाच ऐकत होते. चेहरा नुसता फुलला होता.

‘...त्याला टोचू नये,’ मी कसेबसे म्हटले आणि मला रडूच कोसळले.

बाबा पराणीकडे बघत राहिले. मग बाबांनी पराणीचे टोक दगडावर आपटून आपटून खिळा काढून टाकला आणि चांद्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘आता पुन्हा वाच. त्यानं नीट ऐकलं नाही.’

‘पोरीले सात,’ गुरुजींनी जाहीर केले, ‘बापाले दहा.’

आता मीही चौथीलाच शिकवते आणि वर्ग इतवारीत नेते. गुरुजी गेल्या उन्हाळ्यात गेले. माझे तीन गुण कशाचे कापले, ते विचारायचे राहूनच गेले.