सुधाकरच्या दोन नोंदी

बेल्याकडच्या एका खासगी शाळेत देवानंद अठ्ठावीस वर्षांपासून कारकून होता. त्याच्या टेबलावरचा संगणकही जवळपास तेवढाच जुना आणि त्याच्यासारखाच हट्टी. काळा पडदा, पिवळी अक्षरं आणि आत गावाच्या तीन पिढ्यांची नावं. ती सगळी देवानंदने फाटक्या दाखल-खारीज रजिस्टरांतून एकेक करून टाइप केलेली. दुपारी वर्ग शांत झाले की तो उगाच ती नावं वर-खाली सरकवत बसे. बाहेर कापसावर ऊन पसरलेलं असे आणि आत आजे-पणजे झालेली माणसं अजून पहिलीतच असत. त्यात त्याचा जीव रमे.

यंदा संस्थेने ठरवलं, की दाखले वेबसाइटवर मिळावेत. त्यासाठी मावल्याहून मैत्री नावाची तरुण प्रोग्रामर आली. जुनं काही मोडायचं नाही, नुसता मधला पूल लिहायचा, म्हणजे नवी वेबसाइट जुन्या नोंदी वाचेल, असं तिने समजावलं. तिसऱ्या दिवशी नावं पलीकडे जाऊ लागली, पैनगंगेला उतार मिळाल्यावर बाजाराला निघालेल्या माणसांसारखी, एकामागे एक. देवानंद खुळ्यासारखा बघत राहिला.

निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं पाहून मैत्रीला हसू आवरेना. जन्म लिहून ठेवायला कोणाला सवड होती? डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे. देवानंद स्वतःही एक जूनचाच.

मग काम एका नावापाशी अडलं. सुधाकर पांडुरंग, तीच तारीख, तेच साल, दोनदा. एका नोंदीत शाळा सोडल्याचं कारण होतं, दुसरीत तो रकाना रिकामा. जुन्या संगणकाला रिकामं चालायचं, नव्याला चालेना. अशी अपुरी नोंद तो दुबार समजून गाळणार होता.

"काका, एकच माणूस ना? काढून टाकू काय?" मैत्रीने विचारलं.

देवानंदने तिला थांबवलं आणि तो सांगू लागला. एक माणूस नव्हता. सुधाकर त्याचा पाठचा भाऊ, पहिलीत असताना तापाने गेला. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान भावाला तोवर सगळे नुसतं सोन्या म्हणत. आईच्या तोंडचं नाव तुटू नये म्हणून घराने गेलेल्याचं नाव धाकट्याला दिलं, आणि गुरुजींनी शाळेत घालताना जुन्या पानावरची तारीखही तशीच उतरवली. सोन्या दोन वर्षं फुकटात मोठा झाला. गेलेल्याचा फोटो नाही, कागद नाही, रजिस्टरचं ते पानही केव्हाच गळून गेलेलं. जगात त्याची एवढी एकच ओळ होती, आणि तिच्यातलं कारण लिहायला अठ्ठावीस वर्षांपूर्वी देवानंदची बोटं धजली नव्हती.

हे सगळं ऐकून मैत्रीने तो रिकामा रकाना उघडला. मग हळूच म्हणाली, "कारण लिहिलं तर ओळ राहील, काका."

भावाला राखायचं तर तो मेला असं लिहायचं. देवानंदने कीबोर्ड पुढे ओढला, पुन्हा मागे सारला. शेवटी त्याने 'मयत' टाइप केलं आणि डोळे पुसले. दोन्ही सुधाकर पलीकडे गेले.

घरी त्याची आई बयनाबाई ज्वारी पाखडत होती. इतकी वर्षं घरात तिच्यासमोर गेलेल्या सुधाकरचा विषय कोणी काढला नव्हता. तिला वाटतं सुधाकर गेलाच नाही, तर तसंच वाटू द्या, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. देवानंदने चाचरत सांगितलं, की आज शाळेत काय लिहिलं.

तिचं सूप थांबलं.

"बरं केलं बाप्पा," ती म्हणाली. "मले समदं ठावं होतं. तो येगळा, हा येगळा. तुमाले बरं वाटून राह्यलं म्हून मी गप होती."