काकूंचं पित्त

"ताई, नुसतं पित्त आहे. ईसीजी कॅन्सल करा," काकूंचा मुलगा म्हणाला. मी त्यांच्या छातीला वायरी लावतच राहिले.

काकू पुटपुटल्या, "अगं, डोसा बाधला. त्याची मीटिंग आहे, सोड मला."

मुलाने इमर्जन्सीच्या डॉक्टरांना ॲसिडिटी सांगितली होती, त्यांनी गोळी लिहून दिली होती. मला, नर्सला, काकूंचा घामाने भिजलेला ब्लाउज आणि जबडा दाबून धरलेला हात दिसत होता, म्हणून ईसीजी मीच काढायला घेतला होता.

ईसीजीत हार्ट अटॅक निघाला.

आईवडिलांना आपल्याकडे राहायला बोलावणाऱ्यांनो, त्यांचं दुखणं तुम्हीच का ठरवता?

आज सकाळी काकू उठून बसल्या होत्या. मुलाने डॉक्टरांचे हात धरून आभार मानले. मग मला विचारलं, "पार्किंगचे पैसे कुठे भरायचे?"