काळ्या मोहऱ्यांची चाल

माझ्या धंद्याचा सल्लागार वारलेला होता.

म्हणजे आमचे काका. आमचं संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं, दरबारातली माझी कारकुनी गेली आणि मी बडा गणपतीच्या देवळाजवळ कंदिलांचं दुकान काढलं. समोर कन्हैयालालजींचंही तेच. गिऱ्हाईक एकालाच पुरेल इतकं. म्हणजे एकाचं दुकान बंद होणार, हा सरळ हिशोब! काका म्हणत, "धंदा म्हणजे बुद्धिबळ. समोरच्याची चाल आधी ओळख." ते कायम काळे मोहरे घेत, आणि डाव अर्धा टाकूनच गेले.

तोच पट मी अंधाऱ्या माजघरात मांडला. पांढरे मोहरे मी, काळे कन्हैयालालजी. प्रत्येक मोहऱ्याला चिठ्ठी डकवली: घोडा म्हणजे घरपोच माल, वजीर म्हणजे भाव. (कारकुनाला चिठ्ठीशिवाय राजाही ओळखू येत नाही!) सकाळी एक पांढरं प्यादं सरकवून दुकानात गेलो.

संध्याकाळी बघतो, तर काळा घोडा पुढे आलेला!

"सुशीला, पटाला कुणी हात लावला?" मी बायकोला विचारलं.

"मला पापडांतून मान वर करायला फुरसत आहे का?"

दुसऱ्या दिवशी कन्हैयालालजींचा टांगा घरोघर कंदील पोचवू लागला. आणि काळे मोहरे म्हणजे तर काकांची बाजू!

मग रोज तेच. काळा वजीर सरकला, की समोर भाव उतरलेला! मी काकांच्या तसबिरीला हार घातला, नारळ फोडला, "काका, मी तुमचा सख्खा पुतण्या" अशी आठवणही दिली. काळे मोहरे येतच राहिले. माझा राजा कोपऱ्यात, दुकानात माशा.

शेवटी एका दुपारी दुकान बंद ठेवून माजघरात कणगीमागे दबा धरला. माजघर चिडीचूप. आणि अंधारातून एक हात आला. मनगटापर्यंत पांढराफटक! त्यानं काळा वजीर अलगद उचलला. टक्.

"काकाऽऽ!" मी किंचाळलो.

"हाय राम! भाईसाब, जान ले लोगे क्या?"

कन्हैयालालजींच्या कमलाबाई! हाताला उडदाची पिठी.

"अहो, रोज दुपारी येतात त्या मागच्या अंगणात पापड लाटायला," सुशीला धावत आली. "पूर्ण आळी येते. तुम्ही घरी असता कधी?"

"पर ये पट की चाल आपकी दुकान तक...?" मी विचारलं.

"तो घर जाके बताऊँगी नहीं?" कमलाबाई म्हणाल्या. "चिट्ठियाँ तो आपने ही चिपकाई थीं! और देखो, मात हो गई."

मी पाहिलं. खरंच झाली होती.

"अब दोनों मिलके एकच दुकान करा ना, भाईसाब," त्यांनी आपल्या मोडक्या मराठीत समजूत घातली.

केलं. चांगलं चालतं. धंद्याच्या चाली आता त्या दोघी पापड लाटता लाटता ठरवतात. मलाही जबाबदारीचं काम आहे: मी लाट्या करून देतो. सगळ्या एका वजनाच्या!