धूर : निरंक

मांस शिजवायचा स्मोकर आला तो एका खोक्यात, तीन पाय, दोन जाळ्या, एक घुमटासारखं झाकण आणि सव्वीस स्क्रू अशा अवस्थेत. दाजींनी गच्चीवर वर्तमानपत्र पसरून सगळे भाग ओळीने मांडले, स्क्रू मोजले, आणि एक जास्त निघाला म्हणून अर्धा तास अस्वस्थ होते. कमी निघाला असता तर बनवणाऱ्याला दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. जास्तीच्या स्क्रूचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात ते एकतीस वर्षं बॉयलरवर होते. पहाटे भट्टी पेटवायची, वाफ धरायची, चादरी-गाउन धुणाऱ्यांना गरम पाणी कमी पडू द्यायचं नाही, एवढंच काम. पण ते त्यांनी असं केलं की निवृत्तीच्या दिवशी साहेबांना भाषणात सांगायला एकही किस्सा सापडला नाही. एकतीस वर्षांत काही घडलंच नव्हतं. दाजी तो आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा सत्कार मानतात.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर एकटा राहतो. छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार मिळत असल्यामुळे घरीही ती सवय जात नाही, असं ताई म्हणते. ती म्हणते ते खरंच असतं, म्हणून जास्त राग येतो.

तयार झालेला स्मोकर कमरेएवढा उंच, काळाकुट्ट आणि मधे पोट सुटलेला होता. तळाशी कोळशाची जागा, वर मांस ठेवायच्या जाळ्या, खाली हवा आत घ्यायच्या तीन झडपा आणि झाकणावर हवा सोडायची एक. झाकणावर तापमानाचा काटाही होता. दाजींनी तो पहिल्याच दिवशी उपटून उकळत्या पाण्यात बुडवला. काटा शंभराच्या अलीकडेच थांबला.

"नऊ अंशांनी खोटं बोलतोय," दाजी म्हणाले. पण त्यांचा आवाज समाधानी होता. किती खोटं बोलतो ते कळलेल्या माणसाशी संसार करता येतो, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आता हे खूळ कशासाठी ते सांगतो. ताईचं मोठं आजारपण झालं होतं. आजार गेला, असं डॉक्टर म्हणाले; पण औषधांनी जाता जाता तिची चव आणि वास दोन्ही नेले. चार महिने तिला सगळं पुठ्ठ्यासारखं लागत होतं. भूक नाही, घास गळी उतरत नाही. वजन एक्केचाळीस किलोवर आलं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांची मुदत दिली आणि साध्या आवाजात सांगितलं, की पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून पोटात नळी घालावी लागेल.

"मी नळी घालून घेणार नाही," ताई परतताना रिक्षात म्हणाली. तिने एकदा नाही म्हटलं की विषय संपतो, हे दाजींना आणि मला माहीत होतं.

तेवढ्यात सिग्नलला रिक्षा थांबली. कडेच्या दुकानात कोळशाच्या धुरावर मांस शिजत होतं. ताईने मान वळवली.

"थांबा जरा. हा वास येतोय मला."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, रिक्षावाला वैतागला. दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलू दिलं नाही. ताई डोळे मिटून बसली होती. दुकानातलं विकत घेता आलं असतं, पण बाहेरचं काही खायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. दाजी घरी आले, चष्मा लावून मोबाइलवर स्मोकर मागवला, आणि दोन दिवसांनी खोकं दारात.

स्मोकरबरोबर सफरचंदाच्या लाकडाच्या तुकड्यांची एक पिशवी फुकट आली होती. दाजींनी एक तुकडा हातात घेऊन दाबला, नाकाशी धरला आणि तोंड वाकडं केलं. "दमट आहे," ते म्हणाले. मग ती पिशवी त्यांनी दोन दिवस उन्हात वाळवली. वारा येईल म्हणून वर दगड ठेवले. संध्याकाळी आत, सकाळी पुन्हा बाहेर.

पहिल्या रविवारी त्यांनी कोंबडीला मीठ-मिरपूड लावली, कोळसे पांढरी राख धरेपर्यंत फुलवले, चारही झडपा सताड उघडल्या आणि स्टूल घेऊन समोर बसले. मांडीवर वही. वहीत रकाने आखलेले: वेळ, तापमान, हवा, धूर. दर पंधरा मिनिटांनी नोंद. वाळलेलं लाकूड कोळशावर पडलं की भप्पकन पेटायचं आणि बघता बघता संपायचं. धुराच्या रकान्यात सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत एकाखाली एक सतरा वेळा लिहिलं होतं: निरंक.

काटा हलला नाही. खालच्या रस्त्यावरच्या माणसाला वर काही पेटलंय याचा पत्ताही लागला नसता. दाजी इतके खूश होते की त्यांनी मला शेजारी बसायला दुसरं स्टूल दिलं.

ताईने पहिला घास घेतला. चावला. बराच वेळ चावला.

"काय आहे हे?"

"कोंबडी," दाजी म्हणाले.

"बरं." मग तिला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दया आली असावी. "मऊ झालीय हं."

तिच्या जिभेला मऊ आणि कडक एवढंच कळत होतं, आणि त्यातलं चांगलं तिने निवडून दिलं होतं. तीन घासांनंतर ताट सरकवलं. मीही खाल्ली. माझी जीभ शाबूत होती, तरी ती कोंबडी आजाऱ्यासाठी उकडल्यासारखीच लागली. मी "छान" म्हणालो. छापखान्यात असं कधी करत नाही.

दुसऱ्या रविवारी दाजींनी चूक शोधून काढली होती. कोळसा पेटताना सुरुवातीला पाच मिनिटं थोडा धूर होत होता. त्यांनी झडपांची भोकं तारेने साफ केली, कोळसे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पत्र्यावर फुलवले, आणि पूर्ण निवळल्यावर चिमट्याने एकेक उचलून आत ठेवले. आता धुराला तोंड दाखवायलाही जागा नव्हती. ताईने दोन घास घेतले आणि म्हणाली, "मी दूधच घेते."

त्या दुपारी मला वरून शिलाई मशीनचा आवाज आला. ताई शिवणकाम करायची, पण आजारपणापासून बाहेरची कामं बंद होती. वर जाऊन बघतो तर ती स्वतःचाच गाउन बाजूने आत घेत होती. तिसऱ्यांदा. टाचण्या तोंडात धरलेल्या, नजर सुईवर. दाजी दारात उभे राहून बघत होते. मला तिथे थांबवेना. माझ्या बहिणीचे हात तिच्याच बाहीत हरवले होते आणि ती बाही किती कापायची ते शांतपणे मोजत होती.

मी गच्चीवर गेलो. खोकं अजून तिथेच होतं, आणि तळाशी माहितीपत्रक. दाजींनी ते उघडलंसुद्धा नव्हतं. एकतीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या माणसाने भट्टी कशी पेटवावी हे वाचणं म्हणजे अपमान. मला मात्र छापलेलं काहीही वाचल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या पानावर तीन चुका होत्या. दुसऱ्या पानावरचं वाचून मी कपाळाला हात लावला.

"दाजी," मी खाली येऊन म्हणालो, "लाकूड पाण्यात भिजवून टाकायचं असतं."

"कशात?"

"पाण्यात. तासभर. आणि झडपा जवळजवळ बंद ठेवायच्या. धूर व्हावा म्हणून."

दाजी माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगितलंय. "ओलं सरपण भट्टीत घालायचं? वर हवा कोंडायची?"

"त्याचं नाव काय आहे वाचा की! धुरासाठीच असतं ते यंत्र. कोंबडी शिजवायला घरात कुकर होता!"

मी जरा जास्तच ओरडलो. आतलं मशीन थांबलं.

"मी एकतीस वर्षं," दाजी म्हणाले, आणि थांबले. मग खुर्चीत बसून त्यांनी मला जे सांगितलं ते ताईलाही ठाऊक नव्हतं, असं नंतर कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका सकाळी, त्यांनी घाईत ओला कोळसा टाकला होता. चिमणीतून काळा लोट निघाला आणि वारा नेमका वाळवणाच्या दोऱ्यांकडे. अकराशे चादरी. तेव्हाचे साहेब रागावले नाहीत. त्यांनी दाजींना तीन दिवस हौदावर उभं केलं, धुणाऱ्या बायकांच्या रांगेत. त्या बायकांनी सगळ्या चादरी पुन्हा हाताने धुतल्या आणि दाजींना एक शब्द बोलल्या नाहीत. "त्यांतल्या एकीच्या हाताची सालं निघत होती," दाजी म्हणाले. "मी तिच्या शेजारीच होतो."

मी माहितीपत्रक टेबलावर ठेवून खाली निघून आलो. पुढचे पाच दिवस दाजींनी ताकास तूर लागू दिली नाही. तपासणी येत्या मंगळवारी होती आणि मधे एकच रविवार उरला होता.

रविवारी सकाळी आठ वाजता माझी बेल वाजली. दारात दाजी. इस्त्रीचा शर्ट, हातात वही.

"गच्चीवर तुझे कपडे आहेत?"

"दोन शर्ट आहेत."

"काढून घे. मी धूर करणार आहे."

हे सांगायला ते चारही मजल्यांवरच्या प्रत्येक दारात गेले. शेजारच्या इमारतीतही गेले. तिथल्या एका बाईंनी विचारलं, "आग लागलीय का?" तर दाजी म्हणाले, "नाही. दहा वाजता लागेल." ज्यांच्या घरी कुणी नव्हतं, त्यांचे कपडे त्यांनी स्वतः दोरीवरून काढून, घड्या घालून दाराशी ठेवले. त्यांच्या घड्या धुलाईघरातल्या, चारही कोपरे जुळलेले.

मग त्यांनी भिजवलेलं लाकूड कोळशावर ठेवलं आणि झडपा बंद करत आणल्या. बोटभर फट ठेवली. आधी काही झालं नाही. नंतर झाकणाच्या कडेकडेने पांढरा धूर निघाला, मग दाट, मग इतका की समोरची टाकी दिसेना. दाजी ताठ उभे होते. हात आपोआप झडपेकडे जायचा आणि ते तो मागे घ्यायचे. शेवटी त्यांनी हात पाठीमागे एकमेकांत अडकवून टाकले. धुराच्या रकान्यात त्यांनी "आहे" असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं होतं.

तासाभराने जिन्यात पावलं वाजली. ताई अठरा पायऱ्या दोनदा बसून चढून आली होती. मी खुर्ची आणली. दाजींनी ती धुराच्या बाजूने ओढून लांब ठेवली, तर ताईने ती परत धुरात आणली.

"अहो, खोकला येईल तुला," दाजी म्हणाले. गडबडीत त्यांनी तिलाच अहो म्हटलं.

"येऊ दे."

साडेबाराला पहिली कोंबडी निघाली. तपकिरी, तुकतुकीत. दुसरी तशीच आत राहू दिली. ताईने तंगडी हातात घेतली, नाकाशी धरली आणि खायला लागली. मऊ झालीय असंही म्हणाली नाही. हाड दिसेपर्यंत खाल्ली आणि दुसरी तंगडी स्वतःच्या हाताने तोडून घेतली. मंगळवारी तिचं वजन तीनशे ग्रॅम वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी नळीचा विषय पुढे ढकलला तो ढकललाच. पण तेव्हा आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही फक्त तिच्या तोंडाकडे बघत होतो, जे वाईट दिसतं हे मला कळत होतं, तरी नजर हलत नव्हती.

दाजी रडले. डोळ्यांत धूर गेला असं सांगायची पूर्ण सोय होती, पण त्यांनी ती घेतली नाही. स्टुलावर बसून, वही मांडीवर घेऊन, ते सरळ रडले. मीही फार वेगळं काही करत नव्हतो.

ताईने खाता खाता मान वर केली. "अहो, काहीतरी करपतंय."

दाजींनी सवयीने काट्याकडे पाहिलं, त्यात नऊ अंश मिळवले. "नाही गं. बरोबर आहे सगळं."

"करपतंय म्हणते ना."

मला काहीच कळत नव्हतं, धुराने माझं नाक केव्हाच बंद पडलं होतं. दाजींनी उठून झाकण उचललं. जाळीखाली ठिबकणारी चरबी धरायला ठेवलेली थाळी भरून वाहत होती आणि दुसऱ्या कोंबडीची पाठ काळी पडली होती. ते बघून दाजी झाकण हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"काय म्हणालीस?"

"करपतंय म्हटलं."

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? वास येतोय," ताई म्हणाली, आणि मग तीही घास तोंडात तसाच ठेवून थांबली.