ओढ सोडली की वळतं

फखरुद्दीन जॉबरच्या कानांनी त्याच्या आधी वीस वर्षं रिटायरमेंट घेतली होती. भिवंडीच्या निजामपुऱ्यात याचं कुणाला काही वाटत नाही. जन्मभर यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस पुढे ओठ बघून बोलणं समजतो, आणि स्वतः बोलतो ते चार गल्ल्यांना समजतं. फखरूभाईने तर कानांची ड्युटी तळहातांना देऊन टाकली होती. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. लूम बिघडला की फखरूभाई त्याच्या अंगावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि दुखणं सांगायचा. त्याची बायको जोहराभाबी म्हणायची, "मला ताप आला तरी कपाळाला हात लावून सांगतील, बेअरिंग गेलंय."

त्याचा एक नियम होता. कापड लूमच्या पुढच्या बाजूला खराब निघतं, म्हणून सगळे पुढेच खुडबुड करतात. फखरूभाई मागे जायचा. मागे सूत गुंडाळलेला जाड रूळ, म्हणजे बीम असतो, आणि त्याला आवरून धरणारी दोरी आणि वजन असतं. "पुढचं बिघडलं की मागे बघ," तो म्हणायचा. हा नियम त्याने मुलींच्या सासरच्या भांडणांनाही लावला होता म्हणतात. त्यात किती यश आलं ते मला ठाऊक नाही.

नव्वद साली आमच्या गल्लीतला तरुण अब्दुर्रहमान नैरोबीहून परत आला, तो एक पांढरी जपानी गाडी घेऊन. दोनच दारं, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी, आणि इंजिनाची ताकद चारही चाकांना. तिकडे असल्या गाड्या शर्यतीत धावतात, असं तो सांगायचा. भिवंडीत ती खड्ड्यांतून रांगायची. पण पूर्णा गावाकडे त्याने नवी लूमशेड बांधायला घेतली होती. तिकडचा रस्ता तेव्हा मोकळा होता. आजच्यासारखी गोदामांची रांग नव्हती. त्या रस्त्यावर पांढरी गाडी पळायची.

त्या रस्त्याला एक डावं वळण होतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, रस्ता सरळ गेला असता तर जिथे गेला असता, नेमकं तिथे ठमाबाईचं घर. तिचा नवरा चिंधू बैलगाडीवाला. तीस वर्षं त्याने निजामपुऱ्यातून सुताचे बीम खेड्यांकडे वाहिले, त्यातले निम्मे फखरूभाईच्या हाताखालून गेलेले. दुपारी चिंधूची गाडी त्या वळणावर आली की बैल वळायचे नाहीत. ते सरळ घरी जायचे, कारण चिंधूची भाकरीची वेळ झालेली असायची. तो आदल्या वर्षी वारला. तेव्हापासून ठमाबाईने दार लावलं नव्हतं.

पहिल्यांदा अब्दुर्रहमानची गाडी भर दुपारी त्या वळणावर आली आणि वळली नाही. त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, पुढची चाकं डावीकडे झाली, आणि गाडी मात्र सरळ गेली. ठमाबाईच्या दारापासून पंधरा पावलांवर थांबली. दुसऱ्यांदा आठ पावलांवर. तिसऱ्यांदा तीन. मी स्वतः जाऊन पाहिलं. धुळीत उमटलेल्या तिन्ही खुणा एकावर एक होत्या, सुताराने दोरी लावून रेघ मारावी तशा. तिन्ही उंबऱ्याकडे बघत होत्या.

ठमाबाई घाबरली नव्हती, हेच भयंकर होतं. ती दुपारी दोन ताटं घेऊन उंबऱ्यात बसायला लागली.

"त्याला वलायचा न्हाय," तिने मला समजावलं. "त्याला घरी यायचा हाय. ओढ हाय ती."

भिवंडीतल्या गॅरेजवाल्यांनीही तोच शब्द धरला, पण त्यांच्या अर्थाने. गाडी ओढते म्हणजे एका बाजूला जाते. चाकं सरळ करून घ्या. चाकं सरळ झाली. एकाने पुढचे स्प्रिंग कडक केले. एकाने लिंबू-मिरची बांधली, ती तेवढी घट्ट बसली. आणि प्रत्येकाने एक सल्ला फुकट दिला: असल्या जागी रेंगाळायचं नाही, मागे बघायचं नाही, झटकन पार व्हायचं.

अब्दुर्रहमानने गाडी आठ दिवस अंगणात झाकून ठेवली आणि रिक्षाने शेडवर जाऊ लागला. त्याने काय झालं? ठमाबाई घरातून उठून ताटं घेऊन वळणावर, थेट रस्त्यात येऊन बसली. ट्रकवाले करकचून ब्रेक मारायचे. लोक तिला उचलून घरी नेत, ती परत येई. पोरगा फिक्का पडून फखरूभाईकडे आला.

"चाचा, मी गाडी विकतो."

"विकलीस तर ठमाबाई तुझ्या गाडीची वाट बघत कुठल्या गाडीखाली येईल?" फखरूभाईने गल्लीला ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं. "गाडी तिच्या डोळ्यांसमोर वळली पाहिजे. मग ती उठेल."

त्याने गाडीचं फडकं काढलं आणि चारही टायरांवरून तळहात फिरवला. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा खवल्या-खवल्यांच्या झाल्या होत्या, मागचे जावयासारखे ताजेतवाने. मग तो गाडीखाली शिरला, आणि बाहेर आला तो हसत.

त्याचं म्हणणं असं पडलं. वळायला दोन चाकं आणि ओढायला दुसरी दोन असती तर प्रश्न नव्हता. या गाडीत ओढायला चारही चाकं असली, तरी पुढच्यांनी ओढायचंही आणि वळायचंही. एका मजुराला दोन ड्युट्या. टायरची पकड असते मूठभर. ती ओढण्यात खर्च झाली की वळायला उरते काय? त्यात नाकावर इंजिनाचं ओझं. पुढची दोन चाकं एकमेकांना बांधणारी आडवी दांडी मनगटाएवढी, मागची करंगळीएवढी. वळताना सगळा भार पुढच्या बाहेरच्या टायरवर, आणि मागचे दोघे नुसते वरातीत. आणि शहाण्यांनी कडक काय केलं? तर पुढचंच.

"पुढचं बिघडलं की मागे बघ," तो म्हणाला.

पुढचे स्प्रिंग पूर्ववत मऊ झाले. जवळच्या पडघ्याला ट्रकांच्या स्प्रिंगच्या कमानी बनवणारा केसरीनाथ लोहार होता, त्याच्याकडून मागच्या चाकांसाठी जाड दांडी घडवून आणली. मागच्या टायरांत हवा वाढवली. पुढची चाकं वरून किंचित आत झुकवली. समोरून ती डोकी जवळ करून चहाड्या करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांसारखी दिसत. कापणी झालेल्या एका कडक शेतात अब्दुर्रहमानने तासभर गोल चकरा मारल्या. गाडी वासराने आईभोवती फिरावं तशी फिरली. मीही होतो. फखरूभाईने मला मागच्या सीटवर बसवलं होतं.

"मास्तर, मागे वजन लागतं," तो म्हणाला. माझा इतका नेमका उपयोग शाळेतही कुणी केला नव्हता.

तसेच आम्ही वळणाकडे निघालो. वेळ ठमाबाईची, दुपारची. ऊन असं पडलं होतं की झाडांना सावलीच नव्हती. रस्त्यावर कुत्रं नाही, कावळा नाही. दूर उंबऱ्यात ती बसलेली दिसली. दोन ताटं, आणि दोन्ही वाढलेली. मागे दार उघडं, आणि दाराच्या आत एवढा काळोख की दुपार तिथपर्यंत जाऊन परत फिरत होती.

गाडी येणार हे कळल्यावर ती रस्त्यातून उठून पुन्हा उंबऱ्यात बसली होती; तिथून बाजूला व्हायला आम्ही तिला सांगून पाहिलं होतं. ती हसली होती फक्त.

वळण जवळ आलं. पुढच्या सीटवरच्या फखरूभाईचा एक तळहात गाडीच्या तळाला टेकलेला, दुसरा अब्दुर्रहमानच्या गुडघ्यावर. अब्दुर्रहमानने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडीचं नाक वळू लागलं, आणि मग ते वळायचं थांबलं. आम्ही सरळ निघालो होतो. ताटातली भाकरी मला दिसली. तिच्यावर ठेवलेला कांदा दिसला.

फखरूभाईला त्या क्षणी तळहातात कळलं ते त्याने नंतर सांगितलं. गुडघा दगड झाला होता. पोराचा पाय अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता. झटकन पार व्हायचं, रेंगाळायचं नाही. तिन्ही वेळा पोराने तेच केलं होतं. पहिल्यांदा मजेने, मग भीतीने. भीतीने गाडी जास्त ओढत होती, ओढण्यात वळायचं विसरत होती, आणि दर वेळी दार जवळ येत होतं.

"सोड!" फखरूभाई ओरडला आणि त्याने गुडघा वर उचलला.

बहिऱ्या माणसाची ती आरोळी पूर्णा गावाने ऐकली असेल. पाय सुटला. गाडीचं नाक एकदम खाली वाकलं, पुढची चाकं जमिनीला धरून बसली, मागची बाजू माझ्यासकट उजवीकडे झुलली, आणि गाडी वळली. उंबरा खिडकीतून सरकत गेला. ठमाबाई सरकत गेली. तिचं तोंड उघडं होतं.

पुढे थांबून आम्ही चालत परत आलो. अब्दुर्रहमान माझ्या खांद्याला धरून चालत होता, आणि मी त्याच्या.

"वलली," ठमाबाई म्हणाली.

"वळली, वैनी," फखरूभाई तिच्यासमोर धुळीत टेकला. "ओढ सोडली की वळतं. गाडीत चिंधू नव्हता. पोराचा पाय होता."

तिने ताटांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "तू कोनाला वरडला, सोड म्हनून?"

 उठण्यासाठी फखरूभाईने जमिनीवर तळहात टेकला, आणि तसाच राहिला. डोळे मिटले. लूमवर हात ठेवल्यावर त्याचा चेहरा व्हायचा तसा झाला.

"मास्तर," तो म्हणाला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज खरोखर हळू होता. "रस्त्यावर बैलगाडी आहे का?"

मी पाहिलं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता.

"भरलेली आहे," तो म्हणाला. "बीम आहेत. वळत नाहीये."

ठमाबाईने त्याच्याकडे पाहिलं.  एक ताट उचलून तिने आत ठेवलं, दुसरं हातात घेतलं, आणि ओझं घेऊन येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी उंबऱ्यातून बाजूला सरली. थोडा वेळ थांबली. मग पाठीमागून तीही आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. वर्षाने तिची कडी वाजली.

त्यानंतर ती कधी रस्त्यावर येऊन बसली नाही. अब्दुर्रहमान त्या वळणावर पाय सोडायला शिकला, आणि गाडी पुढे कितीतरी वर्षं सरळपणे वळत राहिली. त्या दुपारी परतताना फखरूभाई पुढे बसला होता, आणि निजामपुरा येईपर्यंत त्याने दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घालून ठेवले होते.