मडक्यापासून चार बोटं

महिपतीकाका गेल्याला आज बारा दिवस झाले. गाडी आजपर्यंत अंगणात होती तशीच उभी, मागचा बंपर मडक्याकडं करून. येणारा जाणारा विचारतो हे मडकं कसलं, म्हणून सगळं सांगायला लागतं.

काका जिते गावचा. घरची भातशेती, पण जीव गाडीत. जुनी फियाट घेतली, ती पण रोह्याच्या कुठल्या सायबानं वापरून वापरून टाकलेली. वडखळचा गॅरेजवाला गुणाजी त्याचा दोस्त. ह्याच गुणाजीनं आन रोह्याच्या चार गाडीवेड्यांनी मिळून शेजारच्या अष्टमी गावच्या मैदानात दर साली शर्यत चालू केली. शर्यत म्हणजे पळवायची नाय. बॉनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून चालवायची, पिंपांच्या मधनं आठाचा आकडा काढायचा, आन शेवटी रिव्हर्स. मागं मातीचं मडकं ठेवायचं. त्याला न लागता जो जास्त जवळ थांबंल तो पहिला. अंतर बोटांनी मोजायचं. आरशात मडकं दिसायचं नाय, म्हणून मागं एक माणूस उभा केला तर चालायचा.

बाकीच्यांचे दोस्त उभे राहायचे. काकाच्या मागं रंभाकाकी. पहिल्या साली लोक हसले.

"महिपती, बायको काय हवा भरायला आणलीस?"

"घरी पण तीच थांबवते," काका म्हणाला, "इथं नवीन काय?"

काकी पदर खोचून उभी. "येव द्या, येव द्या, हळू, येव द्या." आन थांबायच्या जागी दुसरे थांब म्हणायचे, बास म्हणायचे, काकी म्हणायची, "आलात." रोज संध्याकाळी गाडी दारात लागली की म्हणायची तेच. तो शब्द कानावर पडला की काकाचा पाय आपोआप ब्रेकवर. चार बोटं. तीन वर्षं ओळीनं चार बोटं, दुसऱ्या कुणाला जमलं नाय.

"काय गो, अजून दोन बोटं येव दिली असतीस तर?"

"मडकं फुटलं असतं. मग बसा हातात खापऱ्या घेऊन."

मग काकी गेली. ताप आला, आठ दिवसांत गेली. पोरबाळ नाय, म्हणून पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन काकाच चितेभवती फिरला. शेवटी ते मागं न बघता टाकायचं असतं. काकाला टाकवेना. उभाच राहिला. गुणाजीनं हात धरून सोडायला लावलं. फुटल्याचा आवाज आला तेव्हा काका एवढंच म्हणाला, "लागलं."

वर्षभर गाडी झाकून ठेवली. शर्यत आली तसा गुणाजी घरी येऊन बसला. काका म्हणाला, "नंबर नको मला. फक्त एकदा न लागता तिथवर जायचंय."

मैदानात पेल्यातला थेंब सांडला नाय. रिव्हर्स आला. मागं गुणाजी. "येव दे, येव दे, दोन हात हाय अजून." तिथंच काका थांबला.

"अरे महिपती, येव दे की."

गाडी हालंना. आता हा थांब म्हणणार, आन त्या शब्दाला आपला पाय ऐकणार नाय, हे काकाला कळलं होतं. त्यानं गाडी बंद केली, दार उघडलं.

"खाली उतरलात तर बाद," पंच म्हणाला.

"व्हय, बाद." काकानं जाऊन मडकं उचललं. "हे मी नेऊ काय?"

कुणी हसलं नाय. मागच्या सीटवर मडकं ठेवून एकटाच घरी आला.

तेव्हापासून ते अंगणात. रोज संध्याकाळी काका रिव्हर्स घ्यायचा, मागं कोण नाय, आरशात दिसत नाय. गाडी थांबायची आन शेजारपाजारच्यांना ऐकू यायचं, काका आपल्याशीच म्हणायचा, "आलो." नऊ वर्षं. मडकं तेच हाय.

उद्या तेराव्याला मांडव घालायचा, गाडी काढायलाच पायजे. आज गुणाजी आला. वाकून बंपर आन मडक्याच्या मधी हात घातला. चार बोटं. पुतण्या मोतीरामनं चावी फिरवली. गाडी पुढं घ्यायची होती, पुढं घ्यायला मागं कोण लागत नाय. तरी गुणाजी मडक्याजवळ जाऊन उभा राहिला.

"जाव दे," तो म्हणाला, "जाव दे, हळू, जाव दे." गाडी रस्त्याला लागली तरी म्हणतच होता.